मालनबाईंच्या संघाचं मोजमाप

रजेच्या अर्जात कारणापुढे जयमालाने लिहिलं होतं, 'एक फॉर्म भरणे'. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "एका फॉर्मला पाच दिवस?"

"त्रेचाळीस प्रश्न आहेत, सर," ती म्हणाली.

नगरच्या कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या बाईला फॉर्मची भीती नसते. मूल्यमापन समित्यांपुढे तिने एकटीने अकरा हजार पुस्तकांचा जाब दिला होता, त्यात वाळवीने खाल्लेल्या एकशे सहांचाही. त्या मानाने हा फॉर्म म्हणजे दुपारचं काम. रविवार धरून सहा दिवस हातात होते. उरलेल्या वेळात आईचं कपाट लावून टाकू, असंही तिने मनात ठरवलं होतं. कपाट शेवटपर्यंत उघडलं गेलं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

फॉर्म तिच्या आईच्या संघाचा होता. मालनबाईंनी घोडेगावात एकोणीस वर्षं 'मुळाकाठ महिला बचत संघ' चालवला होता. पिठाच्या गिरणीमागची एक खोली, दोन खुर्च्या, एक लोखंडी पेटी आणि कर्ज घेतलेल्या चौसष्ट बाया. भांडवलातले नऊ लाख पुण्याच्या एका वित्तसंस्थेने दिलेले, बाकीचे बायांच्या बचतीचे. दर तीन वर्षांनी पुण्याहून माणूस येई, मोजमाप करी आणि 'कार्यक्षमता निर्देशांक' नावाचा एक आकडा देऊन जाई. शंभरपैकी साठ पडले तर संघ चालू. साठच्या खाली गेला, किंवा मोजमाप मुदतीत पुरं झालं नाही, तर करारानुसार सगळ्या बायांची खाती एका मोठ्या कंपनीकडे जायची. त्या कंपनीचा साहेब दारात उभा राहून मोबाईलवर दहा मिनिटांत कर्ज देतो. हप्ता चुकला की त्याच दारात उभा राहतो, फक्त तेव्हा त्याला घाई नसते.

तीन महिन्यांपूर्वी मालनबाई गेल्या. दोन महिन्यांनी पुण्याचं पत्र आलं. मुदत सोमवार, संध्याकाळी पाच.

"जया, तूच ये," संघाच्या अध्यक्ष रतनबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "तुझ्या आईचं अक्षर तुलाच लागतं. आमाला तर ती लिवायची तेवा बी लागत नव्हतं."

रतनबाई शेळ्यांच्या व्यापारी. शेळीच्या पाठीवर हात ठेवून वजन किलोत सांगायच्या आणि काटा अर्ध्या किलोने चुकला तर काट्याला नावं ठेवायच्या. मोजमापाबद्दल त्यांची मतं ठाम होती. "मोजायचं तर हात लावून मोजावं," त्या म्हणाल्या. "पुन्यात बसून काय मोजतो त्यो?"

बुधवारी सकाळी जयमालाने लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच प्रश्नाला अडली. जिल्हा निवडा. यादीत अहिल्यानगर होतं. संघाचं नोंदणी प्रमाणपत्र एकोणीस वर्षांपूर्वीचं, त्यावर अहमदनगर. प्रमाणपत्र जोडलं की लाल अक्षरं यायची, 'जिल्हा जुळत नाही'. तिने पाच वेळा जोडलं. लाल रंग मात्र दर वेळी थोडा जास्त गडद वाटत होता.

तेवढ्यात कानिफनाथअण्णा आले. अण्णा शेजारचे, निवृत्त ग्रामसेवक. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी खिशाला दोन पेन. एक लिहायला, एक लोकांनी मागितलं तर द्यायला, आणि दुसऱ्याला शाई नसायची.

"जयाताई, एक लक्षात ठेव," खुर्ची ओढून ते म्हणाले. "प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. पुढचा प्रश्न पडणार नाही असं काहीतरी लिहायचं असतं."

"अण्णा, इथे फक्त जिल्हा विचारलाय."

"हां, तोच अवघड. त्याला राजपत्राची प्रत लागंल. नेवाशाला जावं लागंल. शुक्रवारी जा. उद्या गेलीस तर साहेब नसतील."

"शुक्रवारी असतात?"

"शुक्रवारी त्यांच्या हाताखालचा असतो. काम तोच करतो."

जिल्हा तसाच रिकामा ठेवून ती पुढे सरकली आणि सतराव्या प्रश्नाशी येऊन थांबली. 'एक कर्ज मंजूर करण्याची कार्यपद्धती लिहा व त्यास लागणारे सरासरी मनुष्य-तास नमूद करा.' तिने आईची मंजुरीची वही काढली. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. तारीख, नाव, रक्कम, कारण. शेवटचा रकाना मंजुरीचा, आणि त्यात एकोणीस वर्षं फक्त दोनच नोंदी आलटून पालटून आल्या होत्या. 'चहा घेतला.' 'पाणी घेतलं.'

जयमालाने वही मिटली, परत उघडली. शब्द तेच होते.

"हे काय आहे, मावशी?"

रतनबाई दारात बसून शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत होत्या. "कर्ज मागितलं की मालन त्या बाईच्या घरी जायची," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जाऊन बसायची. पैसे कशाला पायजेत, एवढंच इचारायची. जिला पायजेत तिनं सोता सांगितलं तर च्या प्यायची. म्हंजे मंजूर. सासू बोलली, नवरा बोलला, आन बाई भिताडाकडं बघत ऱ्हायली, तर पानी पिऊन उठायची. मग म्हैनाभरानं परत जायची."

"आणि कागदपत्रं?"

"कागद खोटं बोलतो. बाईला तिच्याच चुलीपुढं खोटं बोलायला जड जातं."

हे मनुष्य-तासांत कसं बसवायचं, या विचारात जयमालाचा बुधवार आणि गुरुवार गेला. चाळीस मिनिटांचा चहा म्हणावा, तर जाण्यायेण्याचं काय? पाणी पिऊन आल्यावर महिन्याने परत जायचं, तो महिना कुठे धरायचा? आईची एकोणीस वर्षं कुणीतरी एका आकड्यात घालणार होतं, आणि तो आकडा लहान आला तर त्याला कारण आपला फॉर्म असणार होता.

गुरुवारी संध्याकाळी गिरणीवर आलेल्या पाच-सहा बायांना तिने सगळं नीट सांगितलं. शनिवारी मोजमापाला पुण्याचे हर्षल सर येणार, आईने दिलेलं प्रत्येक कर्ज ते तपासणार, घाबरायचं कारण नाही. बाया घाबरल्या नाहीत. एकमेकींकडे बघून उठल्या आणि निघून गेल्या. हे चांगलं लक्षण आहे असं जयमालाला वाटलं. माणसाने फार वाचलं की त्याला चेहऱ्यांवरचं कमी वाचता येतं, असा निष्कर्ष तिने पुढे काढला, पण तो पुढे.

शुक्रवारी ती नेवाशाला गेली. साहेब नव्हते. त्यांच्या हाताखालचा होता, पण तोही जेवायला गेलेला. राजपत्राच्या दोन पानी प्रतीसाठी तिने चार तास बाकावर काढले आणि तेवढ्या वेळात सोबत नेलेला पुण्याच्या संस्थेचा करारनामा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानं वाचून काढला. हा करार पूर्ण वाचणारी ती बहुधा पहिलीच. लिहिणाऱ्यानेही वाचला नसावा, कारण कलम सोळा दोनदा होतं. परतताना घोडेगावात एसटी शिरेना. शुक्रवारचा जनावरांचा बाजार, सगळा रस्ता टेम्पोंनी भरलेला. आज गर्दी फार आहे, इतकंच तिला वाटलं. त्या गर्दीत आपल्याच संघाच्या तेवीस शेळ्या, दोन गाई आणि एक म्हैस विकली जातेय, हे खिडकीतून दिसायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी दहाला हर्षल आला. तिशीच्या आतला, पाठीला बॅग, बोलायला मऊ. त्याने चपला बाहेर काढल्या, मालनबाईंच्या फोटोला नमस्कार केला. जयमालाला तो एकदम आवडला आणि त्यामुळे भीती जास्तच वाटायला लागली.

"मॅडम, आधी येणे कर्ज बघू," तो म्हणाला. "आजची शिल्लक. बाकी सगळे आकडे त्यावरच निघतात."

तेव्हा रतनबाई पुढे झाल्या. नवं लुगडं नेसलेल्या. मागे दारात पंधरा-वीस बाया, त्यांत मालनबाईंची सगळ्यात जुनी मैत्रीण भामाबाई. रतनबाईंनी कंबरेची पिशवी सोडली आणि बँकेच्या भरणा पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. चौसष्ट पावत्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "काल सगळं फेडलं. मालनच्या सहीचं एक रुपाया कर्ज गावात न्हाई."

भामाबाईंच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीच्या आईचं समाधान होतं.

"सगळं?" जयमालाने विचारलं.

"समदं."

"मावशी, पण का?"

"का म्हंजे? मानूस गेलं. तिच्या माघारी परका मानूस येऊन मोजनार, मालननं कुनाला काय दिलं. आन आमी काय त्याच्यापुढं तिचं देनं घेऊन बसायचं? गेलेल्याचं देनं ठेवत्यात का कुनी?"

हर्षलने लॅपटॉपवर आकडा टाकला. शून्य. मग चालवण्याचा खर्च टाकला. यंत्राने खर्चाला कर्जाने भागायचा प्रयत्न केला, थोडा वेळ गोल फिरलं आणि एक राखाडी चौकट आली. 'संस्था सुप्त. निर्देशांक काढता येत नाही.'

"म्हणजे नापास?" जयमालाचा आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"नापास नाही, मॅडम. नापास व्हायलाही काहीतरी येणं लागतं." हर्षलने कपाळ पुसलं. "वसुली शंभर टक्के आहे. इतकी चांगली संस्था मी पाहिली नाही. पण सगळंच वसूल झालेल्या संस्थेला फॉर्ममध्ये रकाना नाही."

"काय म्हनतोय त्यो?" मागून भामाबाई.

"पास केलं म्हनं," दुसरी म्हणाली.

अण्णा दारातून आत डोकावले. "मी असतो तर थोडी बाकी ठेवली असती," ते म्हणाले. "दाखवायला."

मग एकेक बाहेर आलं. कुणी शेळ्या विकल्या होत्या, कुणी कानातलं मोडलं होतं. अकरा बायांकडे विकायला काहीच नव्हतं. त्यांनी गुरुवारी रात्रीच त्या मोठ्या कंपनीच्या साहेबाला फोन लावला आणि दहा मिनिटांत कर्ज घेऊन मालनबाईंचं फेडलं. संघाच्या दुप्पट व्याजाने. जिच्या तावडीतून बायांना वाचवायला जयमालाने रजा टाकली होती, तिच्याच दारात त्या संघाची अब्रू राखायला जाऊन आल्या होत्या. ती पेटीवर बसली. खुर्चीवर हर्षल होता.

हर्षलने दोन-तीन फोन केले आणि एक वाट काढली. सोमवारी पाचच्या आत किमान पन्नास नवी कर्जं मंजूर झालेली दिसली, तर यंत्र संस्थेला जिवंत धरेल. पैसे नंतर दिले तरी चालतील, मंजुरी वहीत हवी.

"एवढंच ना," जयमाला म्हणाली. "पन्नास नावं लिहू, रतनमावशी सही करतील."

"न्हाई करनार," रतनबाई म्हणाल्या.

"मावशी."

"च्या घेतल्याबिगर मंजुरी न्हाई. मालननं सख्ख्या बहिनीला सुदीक दिलं न्हाई. आता सेक्रेटरी न्हाई, म्हनून तूच जा. तू तिचीच हायेस."

तर असं झालं, की संस्थेची कार्यक्षमता वाढवण्यासाठी जयमालाला अडीच दिवसांत चौसष्ट घरी चहा प्यायचा होता. हर्षलला प्रश्न सतराचं मोजमाप प्रत्यक्ष करायचं होतं. तोही मोबाईलवर वेळ लावून मागे निघाला.

पहिल्या चार घरी बरं गेलं. पाचव्या घरी तिच्या लक्षात आलं, की आपण आईसारखं बसत नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसायची, वही मांडीवर, पेन उघडं. बाया तिला वीजबिल मागायला आलेल्या माणसाला देतात तशी उत्तरं देत होत्या. "पैसे कशाला पाहिजेत?" "शेळी." "आणि ती कशाला?" यावर बाई तिच्याकडे दयेने बघायची. सहाव्या घरी वही पिशवीत गेली. नवव्या घरी ती जमिनीवर बसली. बाराव्या घरापर्यंत तिला कळलं, की आधी दुसरंच काहीतरी विचारायचं असतं, आणि बाई त्याचं उत्तर देता देता तिसरंच सांगते, आणि कर्जाचं कारण त्या तिसऱ्यात असतं. आईला हे कुणी शिकवलं असेल, असं तिच्या मनात आलं. शिकवणारं कुणी नव्हतं. हेही तिला तेव्हाच कळलं.

पण पोट वेगळ्या हिशेबाने चाललं होतं. घोडेगावात पाहुण्याच्या चहात साखर कमी घालणं म्हणजे अपमान. शनिवारी संध्याकाळपर्यंत सतरा कप झाले. हर्षलने नवव्या कपाला बिनसाखरेचा मागितला, तर त्या बाईने त्याला शुगर आहे असं गृहीत धरलं, आणि रविवारी सकाळपर्यंत गावभर झालं, की पुण्याचा मोजणीवाला पोरगा आजारी आहे आणि त्याला बायको कोण देणार. तीन घरी त्याला कारल्याचा रस मिळाला. त्याने तो प्यायला. 'कर्जदाराशी सौजन्याने वागावे' असं त्यांच्या नियमावलीत होतं म्हणे.

आणि चौदा बायांनी कर्ज घ्यायलाच नकार दिला.

"आता सुटले तं राहू दे," त्यांच्यातली एक म्हणाली. "काल धा वर्षांनी बिनकर्जाची झोपले. काय झोप लागली म्हनून सांगू."

जयमाला तिला कर्जाचे फायदे सांगू लागली आणि मध्येच थांबली. पन्नास भरावेत म्हणून आपण एका सुखाने झोपलेल्या बाईला उठवतोय, हे तिला ऐकू आलं. ती चहा पिऊन निघाली. या चहाला वहीत काय म्हणायचं, ते आईने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी तीनला एकोणपन्नास नावांपुढे 'चहा घेतला' लिहून झालं. पन्नासावं घर भामाबाईंचं.

भामाबाईंनी मालनबाईंना शेवटची अंघोळ घातली होती. दहा दिवस जयमालाला दोन्ही वेळ जेवायला घातलं होतं, जबरदस्तीने, शेजारी बसून. नवं कर्ज त्यांच्या सुनेच्या, संस्कृतीच्या नावाने हवं होतं. शेवयांचं यंत्र, साठ हजार.

"बस," भामाबाई म्हणाल्या. "शेवटचं घर माझं ठेवलंस, चांगलं केलंस. पन्नासावं हाय म्हनं."

तेवीस वर्षांची संस्कृती ताट घेऊन आली. दोन कप चहा, एक तांब्या पाणी. हर्षलने मोबाईलवर वेळ चालू केली.

"यंत्र कुठे ठेवणार, संस्कृती?" जयमालाने विचारलं.

"पडवीत ठिवू की," भामाबाई म्हणाल्या.

"किती किलो निघतात दिवसाला?"

"ते बघू पुढं. च्या घे, गार व्हतोय."

जयमाला थांबली. तिला पन्नास हवे होते. घड्याळात तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. भामाबाईंचं तिच्यावर न फिटणारं देणं होतं. "संस्कृती," ती म्हणाली, "तुला पाहिजेत का हे पैसे?"

संस्कृतीने सासूकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला होता. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर काही नव्हतं.

जयमालाने हात पुढे केला. तो कपाकडे गेला, कपावर थांबला आणि तिथून तांब्याकडे गेला. तिने फुलपात्र भरून पाणी प्यायलं. सगळं प्यायलं.

भामाबाई उठून कप उचलता उचलता म्हणाल्या, "आईवरच गेलीस मेली."

शिवी होती ती. जयमालाने तशीच घेतली.

"वेळ अकरा मिनिटं," हर्षल बाहेर आल्यावर हळूच म्हणाला. "मॅडम, एकोणपन्नासला यंत्र घेत नाही. मी खूप वेळा करून पाहिलंय."

"माहीत आहे."

गिरणीमागच्या खोलीत बाया जमल्या होत्या. जयमालाने वही टेबलावर ठेवून एकोणपन्नासचा आकडा सांगितला. का, ते सांगितलं नाही. सगळ्यांना तिच्या आधीच कळलेलं होतं.

रतनबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. "त्या पुन्यावाल्याचं आपल्याकडं किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ लाख."

"आन बँकेत आता किती हाय?"

"चौदा लाख चाळीस..." जयमालाचं वाक्य तिथेच राहिलं. नेवाशाच्या बाकावर वाचलेलं दुसरं कलम सोळा तिच्या डोळ्यांपुढे पान उघडल्यासारखं आलं. मुदतीपूर्वी संपूर्ण भांडवल परत करण्याचा ठराव सभेने केला आणि त्याची सही केलेली प्रत पाठवली, तर करार संपतो. पैसे तीस दिवसांत दिले तरी चालतात. वाचताना तिला हसू आलं होतं, कारण कुठल्या संस्थेचे सगळे पैसे एकाच दिवशी घरात असतात? आता होते. पुण्याचं परत केलं की पुणं कुणालाच काही सोपवू शकत नव्हतं.

"हर्षल, असं करता येतं?"

हर्षलने कलम वाचलं, परत वाचलं. "येतं," तो म्हणाला. "कुणी केलं नाहीये. पण माझं काम निर्देशांक आणायचं होतं, मॅडम."

"ऱ्हाऊ दे तेवढं," रतनबाई म्हणाल्या. "शेळीवानी हात लावून बघितलंस ना तू गावाला, तीन दिवस? मग झालं."

मागे साडेपाच लाखांच्या आत रक्कम उरणार होती आणि मंजुरी एकोणपन्नास बायांची. म्हणजे बहुतेकींना थांबावं लागणार. यावर जे भांडण झालं, त्यात गेल्या एकोणीस वर्षांतल्या सगळ्या शेळ्या निघाल्या. "तुझ्या गाईला काय घाई हाय, ती काय बाळंत व्हनार हाय का उद्या?" "व्हनार हाय, बघून ये." शेवटी ठरलं, कंपनीचं कर्ज घेतलेल्या अकरा जणी पहिल्या, म्हणजे आधी ती वाट बंद होईल. बाकीच्या वर्षभरात पाळीने. ठराव लिहून झाला तेव्हा चार वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. जयमालाने पेन उचललं.

"थांब," दारातून अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मालनबाई गेल्यावर ही पहिलीच सभा ना? शोकप्रस्ताव झाला का?"

झाला नव्हता.

"सचिव मयत आणि शोकप्रस्ताव नाही? असल्या सभेचा ठराव कुणीही पाडील. मी स्वतः दोन पाडलेत." त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं. ते शाईचं होतं. "शोकप्रस्ताव आधी. लिही."

जयमालाने इतिवृत्ताच्या वहीत ठरावाच्या वर चार ओळींची जागा शोधली. ग्रंथालयात तिने असे कितीतरी प्रस्ताव टंकित केले होते, त्यांची वाक्यं पाठ होती. तिने लिहिलं, 'संघाच्या सचिव कै. मालनबाई रखमाजी यांचे दुःखद निधन झाले.' अक्षर स्वच्छ आलं. पुढे, 'त्यांच्या निधनाने संघाची न भरून येणारी हानी'. इथे ती वाचून दाखवायला थांबली.

"हानी नको," रतनबाई म्हणाल्या. "हानी म्हनलं तर पुन्यात तोटा धरत्याल."

हर्षलने मान हलवली. धरतील, असा त्याचा अर्थ.

"मग काय लिहू, मावशी?"

रतनबाईंनी विचार केला. चार सत्तेचाळीस झाले. "लिही," त्या म्हणाल्या, "मालन घरी च्या प्यायला यायची. आता येत न्हाई."

जयमालाने हानी खोडली आणि ते लिहिलं. तसंच्या तसं, फक्त मालनचं मालनबाई केलं, कारण इतिवृत्त होतं. मग वाचून दाखवलं. मधल्या एका ठिकाणी तिने वही जवळ धरून ओळ पुन्हा शोधली, आणि अण्णांनी लगेच पंख्याकडे पाहून धुळीबद्दल काहीतरी म्हटलं.

"सूचक रतनबाई," ती म्हणाली. "अनुमोदक?"

मागून भामाबाईंचा हात वर झाला. त्या जयमालाकडे बघत नव्हत्या, पण हात वर होता.

"दोन मिनिटं उभं राहा," रतनबाई म्हणाल्या.

सगळ्या उभ्या राहिल्या. गिरणीवाल्याने न सांगता पट्टा थांबवला. चार बावन्न झाले होते. अण्णांनी उभ्याउभ्याच डोळ्यांनी वहीकडे खूण केली. जयमाला टेबलावर वाकली, रतनबाईंना सहीचा कोपरा दाखवला, त्यांनी आपलं मोठं, तिरपं नाव काढलं. खाली 'सचिव' छापलेलं होतं. त्याच्यावर जयमालाने स्वतःचं नाव लिहिलं. हर्षलने दोन्ही पानांवर मोबाईल धरला. फोटोचा मोठा आवाज झाला आणि तो कानापर्यंत लाल झाला. कुणी वळून पाहिलं नाही. त्याने अंगठ्याने काहीतरी दाबलं, थोडा वेळ थांबला, आणि जयमालाला आधी चार, मग पाच, मग सात बोटं दाखवली. चार सत्तावन्न. गेलं.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. 'बास' रतनबाईंनी म्हणायचं होतं. त्या म्हणेनात. भामाबाई पदराने नाक पुसत होत्या, हर्षलने मोबाईल खिशात टाकून हात जोडले होते, आणि जयमाला वहीवर तळवा ठेवून उभी होती, शाई अजून ओली होती तरी. पाच वाजले असतील, पाच वाजून गेलेही असतील. कुणालाच बसायची घाई दिसत नव्हती.